मूळचं ऑस्ट्रेलियाचं, चार अक्षरी

"मूळचं ऑस्ट्रेलियाचं झाड. चार अक्षरी," गार्गीने वाचलं आणि ती थांबली. थांबायचं कसं हे ती आता शिकली होती. घाई केली की वडिलांच्या ओठांचा डावा कोपरा थरथरायला लागायचा, डोळ्यांत पाणी यायचं आणि मग तो दिवस वाया जायचा. म्हणून ती गॅलरीच्या कठड्यावर उतरलेल्या थंडीतल्या उन्हाकडे बघत बसली. खाली फरशीवर बसून कामाला येणारी तानाबाई वडिलांच्या, वामनरावांच्या, उजव्या हाताला तेल चोळत होती. तो हात आता घरातली एखादी वस्तू असल्यासारखा झाला होता, उचलून ठेवला तिथे राहायचा. चौथ्या अक्षरापर्यंत ते नक्की पोचतील, गार्गीला खात्री होती. चाळीस वर्षं वनीकरणात काढलेल्या माणसाला निलगिरी काय अवघड? आयुष्यात जितकी माणसं त्यांनी बघितली त्याहून जास्त निलगिऱ्या लावल्या त्यांनी. वामनरावांनी ओठ मिटले, उघडले. घशात काहीतरी चढलं, उतरलं. आणि मग अगदी स्वच्छ, जसे ते पूर्वी ऑफिसातून फोनवर बोलायचे तसे, ते म्हणाले, "आल्हाद."

पहिल्यांदा तिला काय जाणवलं असेल तर ते जोडाक्षर. ल्हा. ज्या जिभेला 'पाणी' म्हणता येत नव्हतं, तिने ल्हा म्हटलं होतं, न तोडता, न अडखळता. गार्गी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायची. असली नको ती बारीक गोष्ट तिला आधी दिसायची आणि मोठी गोष्ट मागून धडकायची. "तीन अक्षरं होतात, बाबा," ती म्हणाली. आपला आवाज वर्गातल्यासारखा आला हे तिलाच ऐकू आलं.

"बाप्पा! ताई, बोलले ना वं साहेब!" तानाबाईने तेलाची वाटी खाली ठेवली. हात तसेच तेलकट, तिने ते स्वतःच्या गालांवर ठेवले. "मानसाचं नाव घेतलं! मी म्हनलं नव्हतं, एक दिवस बोलतीन म्हनून? आल्हाद भाऊचं नाव घेतलं पाहा. लावा, फोन लावा त्याईले, आत्ताच लावा."

"झोपला असेल तो," गार्गी म्हणाली. ऑस्ट्रेलियात तेव्हा भर दुपार होती, हे तिला माहीत होतं. ब्रिस्बेनचं घड्याळ तिच्या डोक्यात कायम चालू असायचं, आपल्याहून पुढे. धाकटा भाऊ आता जेवून उठला असेल, मुलांना कुठेतरी नेत असेल. "दुपारी त्याचाच फोन येतो. तेव्हा सांगू."

वामनराव समोर बघत होते. पुन्हा म्हणतील म्हणून दोघी वाट बघत राहिल्या, पण त्यांचं काम झालं होतं. उत्तर देऊन मोकळं झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं समाधान त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर होतं, आणि उरलेला अर्धा चेहरा नेहमीसारखा, कुणाचाच नसलेला.

शब्दकोड्याचा हा उद्योग तिचाच. ऐन पावसाळ्यात, बाजारातून पिशवी घेऊन येता येता ते फाटकाशी बसले ते बसलेच, उजवं अंग गेलं. अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आणले तेव्हा त्यांच्याकडे एकही शब्द नव्हता. घर कसं बधिर झालं होतं. एका रविवारी ती पुरवणीतलं कोडं सोडवत होती, आणि एकट्या बाईला लागते तशी मोठ्याने वाचायची सवय तिलाही होती. मूळचं मेक्सिकोचं फूल, दसऱ्याला हवंच, दोन अक्षरी. पलंगावरून आवाज आला, "झेंडू." तिच्या हातातलं पेन पडलं होतं. मग तिने घाबरत घाबरत विचारलं, "मिरची कुठली, बाबा?" ते नुसते बघत राहिले. प्रश्न उलटा करून विचारला, अमेरिकेतून आली, तिखट, तीन अक्षरी, तेव्हा आलं, "मिरची." अकोल्याची प्रेरणा, वाचा परत आणायला शिकवणारी पोरसवदा डॉक्टर, फोनवर आनंदाने ओरडली होती. काहींची अशी एखादी खोली शाबूत राहते, म्हणाली. त्यांची झाडांची राहिली आहे. जे येतंय त्याच दारातून आत जा, ताई. एक दिवस त्यातूनच माणसं बाहेर येतील. पुरवणीतल्या कोड्यात झाडं कितीशी असणार? मग गार्गीच कोडी रचायला लागली. कॉलेजच्या पाठकोऱ्या कागदांवर, तपासलेल्या पेपरांच्या मागे. मादागास्करहून आला, वैशाखात पेटतो, पाच अक्षरी. मूळचा इथलाच, पानांच्या पत्रावळी होतात, तीन अक्षरी. गुलमोहर, पळस, सीताफळ, सुबाभूळ. सगळी आली. रोज संध्याकाळी कॉलेजातून परतताना रिक्षात तिच्या डोक्यात खंड आणि झाडं फिरत असायची, आणि कधीपासून कोण जाणे, आपण हे सगळं कशासाठी करतोय ते तिने स्वतःला स्पष्ट सांगून टाकलं होतं. त्या दारातून पहिलं माणूस बाहेर येईल ते आपण असू. दुसरं कोण असणार? घरात दुसरं होतं कोण? पण ऑस्ट्रेलिया हा शब्द कागदावर लिहिला होता तो तिनेच. स्वतःच्या हाताने लिहिला होता.

चाळीस वर्षांपूर्वी याच घरात, आता जिथे पलंग आहे तिथे, पाट मांडलेले असायचे. वामनराव मोताळ्याकडच्या माळांवरून यायचे, बुटांना मुरूम लागलेला, आणि ताटावर बसले की मुलाची परीक्षा सुरू. "आल्हाद, चिंच मूळची कुठली रे?" आल्हाद भात चिवडत म्हणायचा, "आपलीच." "आफ्रिकेची," पोळ्यांचा डबा घेऊन येता येता गार्गी सांगायची. "तुला विचारलं का?" ते म्हणायचे. रागावून नाही. रागावून म्हणाले असते तर तिला रडता तरी आलं असतं. ते अगदी सहज म्हणायचे, खिडकी लाव म्हणावं तसं, आणि पुन्हा आल्हादकडे वळायचे, "आफ्रिकेची. लक्षात ठेव." आल्हादने काही लक्षात ठेवलं नाही. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून तो रोहिणखेडपर्यंत जायचा, रोपवाटिकेत कंटाळायचा आणि घाटात ओकून परत यायचा. गार्गी मात्र त्याने आणलेल्या शेंगा, बिया, त्याच्या खिशात चुरगळलेली पानं उचलून ठेवायची आणि कुठलं काय ते आईकडून नाही तर पुस्तकातून काढायची. ती हुशार होती. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणालाही त्याचा उपयोग नव्हता.

"ताई, पुन्हा इचारा ना," तानाबाई म्हणाली. "आता आलं तर तुमचंबी येईन."

तानाबाई भाबडेपणाने म्हणाली, पण गार्गीला कुणी आपल्या पर्समध्ये हात घातल्यासारखं वाटलं. तिने कागद पालथा केला. काही लिहिलं नाही. खुर्ची वडिलांच्या डाव्या बाजूला, त्यांना दिसेल अशी ओढली आणि कोडं वाचल्यासारखं म्हणाली, "मूळची याच घरातली. मध्ये जालन्याला होती. आता तुमच्याजवळ असते, तुम्हाला भरवते. दोन अक्षरी." स्वतःला असं मांडताना तिला भयंकर लाज वाटली. वामनराव तिच्याकडे बघत राहिले. डोळे तिच्या कपाळावरून हनुवटीपर्यंत आले, पुन्हा वर गेले. ते शोधत होते, यात शंका नव्हती. एखाद्या रोपाचं पान उलटून बघावं तसं मन लावून ते तिला बघत होते. ओठ हलले. "बा," ते म्हणाले. मग दम घेऊन, "बाई."

बा आणि ई. अक्षरं बरोबर भरली होती.

"मले म्हनतात ते," तानाबाई पटकन म्हणाली. "मी हावो ना इथं समोर, मले पाहून म्हनले." आणि वाटी उचलून ती आत गेली. तानाबाईला साहेबांनी जन्मात कधी बाई म्हटलं नव्हतं. ते तिला नावाने हाक मारायचे.

गार्गीने उठून भाजी चिरायला घेतली. मेथी निवडताना तिच्या लक्षात आलं की आपण पानं टाकतोय आणि देठं ठेवतोय. ती जालन्याहून आली त्या दिवशीही बाबांनीच दार उघडलं होतं. सात वर्षांचा संसार एका बॅगेत बसला होता. त्यांनी बॅग आत घेतली, आईला चहा टाकायला सांगितला. तिला वाटलं होतं, निभावलं. संध्याकाळी शेजारचे मास्तर फाटकाशी आले आणि तिने आतून ऐकलं, "गार्गी सुट्टीला आली आहे." दिवाळीत कुणीतरी विचारलं तेव्हा, "सुट्टीला आहे इथे." तिला इथल्याच कॉलेजात नोकरी लागली, तिच्या पगारातून या घराचं छत नव्याने टाकलं, तरी ती सुट्टीला होती. आई गेली तेव्हा भेटायला आलेल्या माणसांत बसून ते म्हणाले होते, "गार्गी सुट्टीला आलेली होती म्हणून बरं झालं." तेव्हा तिला त्यांच्याच घरात उठून उभं राहून ओरडावंसं वाटलं होतं की कोणती सुट्टी, किती वर्षांची. ती उठली होती, आणि आलेल्यांसाठी पाणी घेऊन आली होती. ते खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं. त्यांच्या हिशेबी ज्याची त्याची एक जागा असायची. आल्हाद सातासमुद्रापलीकडे जाऊन इथलाच राहिला होता, आणि ती चुलीपाशी उभी राहून बाहेरची.

दुपारी फोन आला. पडद्यावर आल्हादचं टक्कल पडू लागलेलं कपाळ, मागे हिरवंगार अंगण. तानाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, हसू दाबत, जणू बक्षीस जाहीर व्हायचं होतं.

"कसे आहेत, ताई?"

"आहेत तसेच."

"काही बोलले? म्हणजे झाडं सोडून?"

गार्गीने फोन दुसऱ्या हातात घेतला. तेवढ्यात तोच पुढे बोलला. "मी संक्रांतीनंतरची रजा टाकलीय. पण खरं सांगू का तुला? मागच्या वेळी आलो तेव्हा मी रोज त्यांच्यासमोर उभा राहायचो आणि ते माझ्या मागच्या भिंतीकडे बघायचे. मला सहन नाही होत ते. त्यांनी एकदा जरी ओळखलं असतं ना, माझं नुसतं नाव जरी घेतलं असतं, तर मी उद्याच्या विमानाने निघालो असतो. घेतलं का गं कधी?"

"नाही," गार्गी म्हणाली. आणि एवढ्यावर थांबता आलं असतं, पण तिने वर जोडलं, "झाडंच येतात अजून."

तिला वाटलं होतं की आपल्याला आत कुठेतरी गार वाटेल. काहीतरी फिटल्यासारखं. पण फोनमधून तिला ऐकू आला तो आल्हादने सोडलेला श्वास. तो दुःखाचा नव्हता. खांद्यावरून पिशवी उतरवताना माणूस सोडतो तसा होता. "मग असं करतो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मोकळा झाला होता, "उन्हाळ्यातच येतो. मुलांच्या शाळेचंही जमेल. नाहीतरी तू आहेस म्हणून मला काळजी नाही." त्याला जे हवं होतं ते तिने त्याला देऊन टाकलं होतं. सूड म्हणून उगारलेला हात उपकार करून परत आला होता.

फोन ठेवल्यावर तानाबाई चौकटीतच उभी होती. हसू गेलं होतं. "काऊन नाही सांगतलं, ताई?"

"येईल तो उन्हाळ्यात."

"उन्हाळा कोनं पाह्यला?" तानाबाई म्हणाली. चपला घालून निघाली तेव्हा रोज म्हणायची ते 'येतो ताई' तिने म्हटलं नाही.

सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी, त्याच्या पुढच्या दिवशी, केव्हाही. आज म्हणाले बघ, असं म्हणून जुनं नवं करता आलं असतं. गार्गी रोज सकाळी ठरवायची आणि कॉलेजला जायची. आणि तेवढ्यात त्या शब्दाचं काहीतरी विचित्र व्हायला लागलं. तिने आफ्रिकेचं विचारलं, ते म्हणाले, "आल्हाद." मेक्सिकोचं विचारलं. आल्हाद. पळसाचं प्रत्यक्ष फूल हातात देऊन विचारलं तेव्हा ते फुलाकडे बघून हसले आणि म्हणाले, "आल्हाद." एकेक करून सगळी झाडं गेली. तहान लागली की आल्हाद. कूस बदलायची असली, कुठे दुखलं, तर आल्हाद. तानाबाई आली की तिला, कठड्यावर कावळा आला की त्याला. गार्गीने प्रेरणाला फोन केला. प्रेरणाचा आवाज या वेळी चढला नाही. "होतं असं," ती म्हणाली. "एक शब्द अडकून बसतो आणि बाकीच्यांची वाट बंद होते. पण ताई, त्यातून फार काही काढू नका. त्याला अर्थ असतोच असं नाही."

अर्थ असतोच असं नाही. हे वाक्य गार्गीने घरभर फिरवलं. कुकर लावताना, पेपर तपासताना. म्हणजे पहिल्यांदा ते नाव घेतलं त्या सकाळीही नसेल. म्हणजे आपण काही लपवलंच नाही, एक आवाज तेवढा लपवला. मग दुपारी त्यांना उन्हात बसवताना ते तिच्या खांद्यावर मान टाकून पुटपुटायचे, आल्हाद, आल्हाद, आणि त्या आवाजात इतकी माया असायची की तिला वाक्य सोडून द्यावं लागायचं. ही माया त्यांच्याजवळ होती तर. कुठे ठेवली होती इतकी वर्षं? आता ती तिच्या गळ्यात पडत होती, दुसऱ्याच्या नावाची.

एकदा लहानपणी असंच झालं होतं. आल्हादला गालगुंड झालं म्हणून बाबा तिला जीपमध्ये घेऊन गेले. अंजनाच्या एका जुन्या झाडाखाली थांबून त्यांनी तिला बोटाने वर दाखवलं, "हे बघ आल्हाद, हा आपला. कुणी लावलेला नाही." जिभेला वळण पडलेलं. तिने चूक सुधारली नाही. दिवसभर ते आल्हाद म्हणत राहिले आणि दिवसभर ती ओ देत राहिली, आणि घाटातून परत येताना इतकी आनंदात होती की तिला मळमळलंसुद्धा नाही. तिने आता तेच सुरू केलं. ते हाक मारायचे आणि ती भिजलेला हात पुसत म्हणायची, "आले, बाबा."

फाल्गुनात एका दुपारी ती त्यांना पेज भरवत होती. तानाबाई मागे उशी धरून बसली होती. दोन घास गेले, तिसरा त्यांनी तोंडात तसाच ठेवला. गार्गीच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी तो शब्द म्हटला, पेज हनुवटीवरून ओघळली, आणि तिने ती पुसून पुढचा चमचा वर नेला तेव्हा तानाबाई म्हणाली, "ताई, राहू द्या आता."

आल्हाद तिसऱ्या दिवशी पोचला. मुंबईहून गाडी करून आला होता, डोळे सुजलेले. फोटोसमोर बसून तो इतका रडला की भेटायला आलेली माणसं त्यालाच पाणी देत राहिली. "पोरगा किती लांबून आला," कुणीतरी म्हणालं. गार्गी चहाच्या कपांचे ट्रे आत-बाहेर करत होती. माणसं पांगल्यावर घरात तिघंच उरली. तानाबाई कोपऱ्यात भांडी पुसत होती. आल्हादने चष्मा काढून डोळे चोळले.

"शेवटी काही बोलले का, ताई? कुणाचं नाव?"

भांड्यावरचं फडकं थांबलं. गार्गीने तानाबाईकडे बघितलं नाही. खरं सांगायला काहीच हरकत नव्हती आता. ते ऐकून तो आणखी रडला असता, जन्मभर रडला असता, आणि ते त्याचंच होतं, त्याच्या मालकीचं, तिच्याकडे नुसतं ठेवायला दिलेलं. तिने ओलसर हात पदराला पुसले.

"हो," ती म्हणाली. "माझं."

आल्हादने तानाबाईकडे पाहिलं. तशी त्याची खात्री करून घ्यायची जुनी सवय. तानाबाई कितीतरी वेळ हातातल्या पातेल्यात बघत राहिली.

"हाव," ती म्हणाली. "ताईचंच घेतलं. मी होतो ना जवळ."

गार्गीच्या अंगातून काहीतरी निथळून गेलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते घडल्यासारखं वाटलं. क्षणभर तिला ते दिसलंसुद्धा, पेजेने भरलेलं तोंड, डावा कोपरा, आणि तिचं नाव. तिने पुढची तयारी केली. आता तो विचारेल, कसं म्हणाले, कधी, तू काय म्हणालीस. तिच्याजवळ सगळं होतं. पहिल्यांदा अडखळले, मग जोडाक्षर स्वच्छ आलं. उन्हात बसले होते. हात धरला होता माझा.

"बरं झालं," आल्हाद म्हणाला. "तू होतीस इथे म्हणून." आणि खिशातून फोन काढून तो परतीच्या विमानाची वेळ बघायला लागला.